गोदा सुगरणीच्या उघड्या गाठी

पक्षी एकमेकांची घरं बघायला जात, त्या काळची ही गोष्ट. विहिरीकाठच्या बाभळीवर गोदा सुगरण घरटं विणायची. तिची एकूण एक गाठ बाहेरून दिसायची.

पानं शिवून घरटं करणारी रखमी शिंपीण तिथे रोज येऊन बसायची. तिचं घरटं दोनदा अंड्यांसकट खाली आलं होतं. ती मान वाकडी करून गोदाची एकेक गाठ वाचायची.

त्याच बाभळीवरच्या शेजारणी सुगरणी म्हणाल्या, "गोदाबाई, ही तुमची विद्या चोरतेय."

"चोरायला मी लपवलंय कुठे?" गोदा म्हणाली.

रखमीचं तिसरं घरटं वाऱ्यात टिकलं. पिल्लं उडाल्यावर ती परत आली आणि चाचरत म्हणाली, "गोदाबाई, रागावू नका. तुमच्या दाराशी एक गाठ सैल आहे. मी टाका घालू?"

गोदाने उलटं लटकून पाहिलं आणि ती ओशाळली. "इतकी वर्षं अशीच मारतेय मी. घाल बाई. पण बघणारीला कळेल असा घाल."

रखमीने मोठ्या हौसेने नक्षीदार टाका घातला. गोदाला त्याची सुरुवातच सापडेना. तिने तो उसवायला लावला. दुसरा टाका साधा होता.

पुढच्या हंगामात बाभळीवरच्या प्रत्येक घरट्याच्या दाराशी तोच टाका होता.