गोजराबाईची तेरावी पायली

म्हैस न्यायला शिपाई दारात उभा! गोजराबाई राजवाड्याच्या हत्तीखान्यात भाकरी थापायची. घरात दुधातुपाचं म्हणाल तर एवढी एक म्हैस.

"कशापायी नेतोस रे मेल्या?"

"दंड झालाय तुम्हाला. पेवातल्या जोंधळ्यांचा."

राजा खड्गरावाचा नेम असा होता. चाकरानं पगारातले बारा पायल्या जोंधळे दरसाल जमिनीखालच्या सरकारी पेवात टाकायचे आणि साठी उलटली की परत घ्यायचे. म्हातारपणची सोय! पण बारावर एक पायली जरी पडली, तर ती आत असेपर्यंत दरसाल दंड. आणि साठीच्या आत पेव उघडायचं नाही. म्हणजे चाळिशीच्या गोजराला वीस वर्षं दंड!

चूक तिचीच. मापाच्या काठावर दाण्यांची शीग चढवल्याशिवाय धान्य द्यायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. तिनं बाराही मापं शिगोशीग भरली. सरकारी कोठारावरच्या कोठावळे तिमाजीपंतांनी काठीनं सपाट करून मोजली, तर पायल्या भरल्या तेरा!

गोजरा पदर खोचून थेट दरबारात गेली.

"सरकार, जास्तीचं परत द्या, नाहीतर दंड सोडा."

"दोन्ही नाही!" राजा म्हणाला. "पेव उघडायचं नाही, दाणा बाहेर काढायचा नाही. आत्ता इथं उभ्या उभ्या तेराच्या बारा करून दाखव, दंड माफ. नाहीतर म्हैस आमची!"

दरबार फिदीफिदी हसला. गोजरा पंतांकडे वळली.

"पंत, पेवात धान्य ठेवलं की तूट येते ना हो?"

"येते तर! घुशी खातात. दर माणशी दरसाल एक पायली कापतो आम्ही."

"यंदाची माझी कापलीत?"

"कापली की! वहीत आहे."

"झालं तर मग! तेरातली एक घुशींनी खाल्ली, राहिल्या बारा. पेव उघडलं नाही, दाणा काढला नाही. दंड लावायचा तर घुशींना लावा, सरकार!"

सरकारचा एवढा दंड बुडतोय म्हटल्यावर पंत ओरडले, "खोटं! पेव दगडी आहे, सरकार! घूस सोडा, मुंगी शिरत नाही आत! तेराच्या तेरा आहेत!"

"असं?" गोजरानं कमरेवर हात ठेवले. "घुशी खात असतील तर माझा दंड नाही. आणि घूसच नसेल तर पंत, एवढी वर्षं सगळ्या चाकरांची पायली पायली खाल्ली कुणी?"

दरबारातले सगळे डोळे पंतांच्या पोटावर गेले. पोटही काही लहान नव्हतं!

खड्गराव एवढा हसला, एवढा हसला, की त्याच्या डोक्यावरचा मंदील गळ्यात आला.

"पंत, चाकरांच्या सगळ्या पायल्या घरून आणून भरा! आणि शिगेसकट हं! गोजराबाई, दंड माफ. म्हैस तुझी, आणि आजपासून कोठाराच्या किल्ल्याही तुझ्याच!"

गोजरानं पंतांच्या कमरेचा जुडगा ओढून घेतला आणि म्हणाली, "किल्ल्या घेते, सरकार. पण हत्तींच्या भाकरी आता पंतांना थापायला लावा!"