सरकारी दुखावलेला

एक होतं रान. तिथं कुणालाही काहीही बोलायची मोकळीक होती. वाघमहाराजांनी तसं खडकावर कोरूनच घेतलं होतं. खाली बारीक अक्षरांत एवढंच होतं, की बोलण्यानं कुणी दुखावलं तर बोलणाऱ्याचं तोंड वेलीनं कायमचं बांधण्यात येईल.

अडचण एकच झाली. दुखावून घ्यायला कुणी येईना. हरणांना चरायचं असे, माकडांना सवड नसे. कायदा आहे आणि दुखावलेलं कुणी नाही, ही केवढी नामुष्की! मग दिवाण तरसांनी एक जागा काढली, सरकारी दुखावलेल्याची. पगार रोज दोन भारे हिरवं गवत. जागा मिळाली धोंडजी रेड्याला. जेवढं अंग मोठं तेवढ्या भावना मोठ्या, असा दिवाणांचा होरा.

धोंडजी दिवसभर तळ्यात बसे. शिपाई पळसाचं पान आणी, धोंडजी न बघता त्यावर खुराचा ठसा उमटवी, की कुणाचं तरी तोंड बांधलं जाई. तीन वर्षांत अशी चाळीस तोंडं झाली. धोंडजीला त्याचं ना सुख ना दुःख. गवत मात्र कोवळं असे.

एके दिवशी पान आलं ते सगुणा साळुंकीच्या नावाचं. महाराजांच्या वाढदिवसाची हाडं तळ्यात टाकली होती आणि तळं निर्मळ असल्याचं फर्मान निघालं होतं. तरी ही बया भर पाणवठ्यावर म्हणाली, "पाणी नासलंय." आता आली का पंचाईत! धोंडजीच्या कानातले गोचीड सात वर्षं सगुणाच टिपत होती. चोच बांधली तर ती उपाशी मरणार.

"अगं, मोठ्यानं कशाला बोललीस?"

"मग काय करू, धोंडजीदादा? तुम्ही नाकापर्यंत बुडालेले. कुणीतरी बोलायला नको?"

खूर काही उठेना. म्हणून दिवाणांनी भर दरबारात दुखावण्याचा जाहीर कार्यक्रम ठेवला. मंडप पडला, तोरणं लागली. "धोंडजी, तुम्ही रडा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!" अशा घोषणा झाल्या.

"बंधूंनो आणि भगिनींनो," दिवाण गरजले, "हा नुसता रेडा नाही. ही आपल्या रानाची अस्मिता बसली आहे!"

अस्मितेनं शेपटीनं माशी हाकलली.

सगुणाला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा, कर्ण्यातून. धोंडजी ढिम्म. डोळ्यांत मिरची फुंकली, तर तो नुसता शिंकला. महाराजांनी मिशीवरून पंजा फिरवला. "काय रे, दुखतंय की नाही?"

धोंडजीनं एकदा गवताच्या भाऱ्याकडे पाहिलं, एकदा सगुणाकडे. "नाही महाराज. मी तळ्यातच बसतो ना. पाण्याला वास येतोच."

मग एका सशाला हुंदका फुटला. "अस्मितेनं असं बोलावं?" त्याचं बघून हरणं रडू लागली. माकडांनी ऊर बडवून घेतला. तळ्यातल्या उरल्यासुरल्या माशांनीही निषेध नोंदवला.

धोंडजी आणि सगुणा, दोघांची तोंडं एकाच वेलीनं बांधून त्यांना सीमेबाहेर घालवलं. गोचिडांचं तेवढं फावलं.

दुखावलेल्याची जागा दिवाणांनी पुन्हा भरली नाही. गरजच उरली नाही. आता प्रजा सकाळी उठल्याबरोबर आपली आपणच दुखावते, तेही बिनपगारी.