स्वयंपाकघराची भिंत

"भिंत ठेवू की पाडू, आक्का? एवढंच सांगा. उद्या सकाळी गवंडी येतोय."

आक्का मठाच्या ओट्यावर घेवडा मोडत बसल्या होत्या. शेंगेची शीर ओढत त्यांनी विचारलं,

"कुठली भिंत?"

"नव्या घरातली. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, त्यांच्या मधली."

शैलजाबाई आक्कांच्या जुन्या शिष्या. अनुग्रह घेतल्यापासून त्यांचं एकही व्रत चुकलं नव्हतं. चतुर्थी, प्रदोष, श्रावणातले शुक्रवार. हे त्यांना ठाऊक होतं, आणि गावालाही ठाऊक राहील याची त्या काळजी घेत.

"मुलाला सगळं मोकळं हवंय. ओपन किचन. सुनेचंही तेच. गॅसपाशी उभं राहिलं की थेट सोफा दिसणार, आणि सोफ्यावरून गॅस."

"आणि तुला?"

"मला दार हवं. नैवेद्य देवाआधी कुणाच्या नजरेस पडू नये. वाससुद्धा जाऊ नये बाहेर. सोवळं कसलं मग ते?"

"मग ठेव भिंत."

शैलजाबाईंचा चेहरा उजळला. पण त्या उठल्या नाहीत.

"घरी सांगू ना, आक्काच म्हणाल्या म्हणून? नाहीतर सून ऐकायची नाही. चेष्टा करते माझी. म्हणते, आई, नजर लागायला आधी आमटीत मीठ तर हवं."

आक्का हसल्या. "मीठ नसतं?"

"नैवेद्याची चव बघता येत नाही ना. राहतं कधीमधी."

"आणखी काय म्हणते सून?"

"काहीतरीच. म्हणे, भिंत गेली की मोठ्या आई आपल्यात येतील."

"मोठ्या आई कोण?"

"माझी थोरली जाऊ. कुमुदवहिनी. मोठे भाऊजी गेले तेव्हापासून आमच्याकडेच असतात. काही कमी पडू दिलं नाही आम्ही त्यांना."

"नसेलच दिलं."

"शुक्रवारच्या सवाष्णींचा स्वयंपाक सगळा त्यांचा. त्यांच्यासारखं पुरण आमच्या घरात कुणाला जमत नाही. आलेल्या बायका मला विचारतात, इतकं मऊ कसं हो होतं?"

"तू काय सांगतेस?"

"सांगते... देवीची कृपा."

आक्कांनी एक किडकी शेंग वेगळी काढली.

"मग वाढायलाही तुझी जाऊच येत असेल."

"नाही, आक्का. सवाष्णी जेवतात तेव्हा त्या आत असतात. दार लावून."

"दार लावून?"

"शुभकार्य असतं. आलेल्या बायकांना उगाच कशाला... आणि त्यांनाच पुढं यायला आवडत नाही. त्याच दार ओढून घेतात."

"पहिल्यांदा कुणी ओढलं?"

"सासूबाईंनी. तेव्हा त्यांचाच शब्द होता घरात."

"सासूबाई गेल्यावर?"

शैलजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी," त्या म्हणाल्या.

टोपलीतला घेवडा तेवढा कमी होत राहिला.

शैलजाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या बोलल्या.

"ते राहू दे, आक्का. श्रावणात तुम्ही नव्या घरी यायचं. पहिल्याच शुक्रवारी. मानाचं पान तुमचं."

"कुठं मांडशील?"

"देवीसमोर. पाट, रांगोळी, चांदीचं ताट. सगळं."

"सवाष्णींच्या पंगतीत?"

"त्यांच्याही आधी."

आक्कांनी टोपली बाजूला सारली आणि मान वर करून चेहरा उन्हात धरला. कपाळ मोकळं होतं. लग्नाचं वर्ष सरायच्या आत ते मोकळं झालं होतं, हे पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होतं.

"तुमचं वेगळं, आक्का," शैलजाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "तुम्ही गुरू."

"असं होय... तुझ्या जावेला कुणी सांगितलं नाही. तीही झाली असती."

तेवढ्यात सोनूमावशींनी पानं घेतल्याची हाक दिली. मठाचा स्वयंपाक त्याच बघत. ओसरीवर भक्तमंडळी पंगत धरून बसली. आक्कांचं पान पहिलं, त्याला लागून शैलजाबाईंचं. ही जागा कुणी नेमून दिलेली नव्हती, पण शैलजाबाई आल्या की ती त्यांच्यासाठी आपोआप मोकळी होई.

आक्का आल्या. बसल्या नाहीत. वाकून आपलं पान उचललं आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"अहो, आत कुठं निघालात?" सोनूमावशी मागं धावल्या. "डोळे चुरचुरतील धुरानं. माणसं तुमच्यासाठी खोळंबलीत बाहेर."

"त्यांना तू वाढ. मी इथं बसते."

सोनूमावशी वरणाचं भांडं घेऊन बाहेर आल्या, आणि त्यांच्या मागं दार ओढलं गेलं.

पंगतीत कुणी घास उचलेना.

"आक्कांना बरं नाही का हो?" शेजारच्या बाईंनी शैलजाबाईंना हळूच विचारलं. "आत्ता तुमच्याशीच बोलत होत्या ना?"

शैलजाबाई मिटलेल्या दाराकडे बघत होत्या.

दार तसं साधंच होतं. असं मिटलेलं दार त्यांनी आपल्या घरी किती शुक्रवार पाहिलं होतं, आणि ते मिटलेलं आहे ना, एवढीच खात्री केली होती. आतलं माणूस कशावर बसतं, कधी जेवतं, बाहेरचं हसणं त्याला ऐकू जातं का... यातलं काहीही कधी मनात आलं नव्हतं. आज एकदम सगळं आलं. भातावरची वाफ विरून गेली तरी त्यांचा हात पानाकडे गेला नाही.

भरल्या पानावरून उठू नये. हे त्यांनीच सुनेला शिकवलं होतं.

त्या उठल्या.

पंगत बघत होती. दारापाशी जाऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"आक्का, बाहेर या."

"मला पुढं यायला आवडत नाही."

"माझं चुकलं, आक्का."

त्या दाराशी आणखी वाकल्या.

"भिंत पाडते मी. उद्याची वाटसुद्धा बघत नाही, गवंड्याला आत्ता फोन करते. सगळं घर मोकळं करते. पण तुम्ही दार उघडा."

आक्का आतून बोलल्या. रोज बोलत तशाच, न रागावता.

"भिंत पाड, नाहीतर ठेव. या दाराला आतून कडी नाही, शैलजा."