कपारीची नांगी

त्या प्रदेशात पाण्याला बांध घालायचा, तर आधी ओल्या मातीची पाटी थापून तिच्यावर आराखडा कोरावा लागे, आणि ज्यांच्या ज्ञानावर तो उभा, त्यांनी खाली स्वतःच्या पायाचा किंवा नांगीचा ठसा उमटवावा लागे. लोक ठसे मोजत, आराखडा वाचत नसत. म्हणे रीत! रीत कसली, शुद्ध आळस.

कपारी नावाची खेकडी जन्मभर नदीच्या काठात बिळं कोरत आलेली. तिथली माती तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणून धवलपंत बगळ्याने तिला बोलावून वळणावरच्या जमिनीबद्दल विचारलं. तिने सरळ सांगितलं, की खाली नुसती वाळू आहे, बांध टिकायचा नाही, आणि खालच्या अंगाला उंदरांची बिळं आहेत. पंतांनी मान डोलावली, आभार मानले आणि बांध तिथेच आखला.

पाटीवर कपारीचा ठसा मात्र हवाच होता, त्याशिवाय उंदीर ऐकते ना. विचारावं, तर ती नाही म्हणणार. मग पंतांनी तिने गेल्या साली टाकलेलं कवच काठावरून उचललं आणि त्याची नांगी मातीत दाबली. झालं काम!

कपारीला कळलं तेव्हा पाटी वाळली होती. ती तरातरा गेली आणि ठसा पुसा म्हणाली. पंत म्हणाले, वाळलेली पाटी पुसत नसतात. उलट थोरांच्या ओळीत नाव लागलं याचा आनंद मानावा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बिळाबिळाशी जाऊन कंठशोष करत राहिली, पण उंदीर म्हणाले, पाटीवर तर तुझाच ठसा आहे.

पहिल्याच पुरात बांध फुटला. पाटीचा तुकडा घेऊन एक उंदरीण कपारीच्या दारी आली. तिची चारही पिल्लं वाहून गेली होती.

“कपारीताई, ही नांगी तुझीच ना?”

कपारीने आपली नांगी ठशावर टेकवली. ती निम्मीही आत बसेना. उंदरिणीने बाहेर उरलेली नांगी पंजाने चाचपून पाहिली.

“पण कवच तर तुमचंच होतं, कपारीबाई,” पंत काठावरून शांतपणे म्हणाले. ते नव्या पाटीसाठी माती तुडवत होते.

त्या साली कपारीने कवच टाकलं, तेव्हा तिचं अंग लोण्यासारखं मऊ होतं, नुसतं हलताही दुखत होतं. तरी ती बिळाच्या तोंडाशी येऊन बसली. बाहेर एका पायावर उभ्या बगळ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून तिने ते कवच नांगीपासून चावायला घेतलं, आणि शेवटची ढलपी संपेपर्यंत खाल्लं.