बांधलेलं बिऱ्हाड

“पण बाई, दुसरं लेकरू नको म्हणणारी बायको माझ्याच नशिबी का?”

अंबादास केकाण आल्या आल्या तक्रारच घेऊन बसला. दंडवत प्रणामही घाईत उरकला.

तपस्विनी सुभद्राबाई चाकणजवळच्या मठात चार दिवसांसाठी उतरल्या होत्या. महानुभाव पंथाची दीक्षा घेतलेल्या. एका गावी फार राहायचं नाही हा त्यांचा नेम. पाटोद्याकडून कंपनीत कामाला आलेल्या अंबादासच्या घरी त्यांचा शब्द चाले.

“काय म्हणते अयोध्या?”

“म्हणते, या खोलीत नाही.”

“खोली लहान आहे?”

“लहान कुठली! आम्ही भावंडं ऊसतोडीवर पाचटाच्या कोपीत वाढलो. कोपीत जागा होती अन् स्लॅबच्या खोलीत नाही? नुसती नाटकं हिची. तुम्ही एक शब्द टाका बाई, तुमचं ती मोडायची नाही.”

आवाजात ताठा होता, पण तळमळ खरी होती. लेक स्वरा एकटीच भिंतीशी बोलत खेळताना दिसली, की त्याला घर खायला उठायचं.

“कोपीत तुझी आई पाळणा कशाला बांधायची?”

“मधल्या वाशाला. लुगड्याचा.”

“आणि इथं?”

“इथं कसा बांधणार? भिंतीला खिळा मारायचा नाही, मालकाची अट. अन् मी कधी मारलाही नाही बरं का!” अंबादासची छाती फुगली. “अकरा महिन्यांचा करार. निघा म्हटलं की निघायचं. मी अयोध्येला बजावूनच ठेवलंय, भांडी पोत्यात, कपडे पेटीत. लागेल तेवढं काढायचं, धुऊन परत आत. मागच्या खेपेला सकाळी निरोप आला, दुपारी आम्ही दुसऱ्या खोलीत! मालक बघतच राहिला.”

“तिनं कधी काही मागितलं नाही?”

“मांडणी मागायची, भांडी लावायला. आधी आधी.”

“मग?”

“म्हटलं, घर घेऊ तेव्हा. आता नाही मागत.”

घर कधी, हे गड्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पण बायको मागत नाही, याचं त्याला मोठं कौतुक.

बाई उठल्या.

घोंगडी, पोथी, तांब्या झोळीत घातला. काठी घेतली आणि थेट दारात जाऊन उभ्या राहिल्या.

अंबादास गडबडला. “कुठं निघालात बाई? माझं काही चुकलं का?”

“तुझ्यापेक्षा लवकर आवरलं की नाही?”

त्याला हसू आलं. “तुमचं काय बाई! तुम्ही संन्यास घेतलेला. ना घर, ना संसार.”

“या झोळीत एखादं लेकरू मावेल का रे?”

“काहीतरीच! संन्याशाच्या बिऱ्हाडात लेकरू कसं…”

फुगलेली छाती बसली, तोंड एवढंसं झालं.

बाईंनी झोळी खाली ठेवली.

“मी संन्यास मागून घेतला, बाबा. अयोध्येला कुणी विचारलं होतं?”