सवतीचा निळा

एका राज्यात ऊन पडे, पण ऊब येत नसे. दुधाला विरजण लागेना, कोंबड्या अंड्यांवर बसेनात. कारण एकच, राजा सुकेतू. हिमकंठ मांत्रिकाच्या खजिन्यातला शापित मणी त्याने हौसेने गळ्यात घातला मात्र, त्याचं अंग गार पडलं आणि मणी काही केल्या निघेना. राजा डोळे उघडे ठेवून पलंगावर पडून राही, ओळख कुणालाच देत नसे. राणी कुंतला उशाशी बसून त्याचा हात हातात घेई. हाताला हात लागे, माणूस लागत नसे.

एके सकाळी खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राणी, गोधडी शिव. तिघींनी राजाला जीव लावला, त्या तिघींच्या अंगावरचं वस्त्र घे. लाल त्याच्या आईचं, हिरवं तुझं, निळं तुझ्या सवतीचं. शेवटचा टाका बसला की मणी फुटेल."

सवत म्हणजे थोरली राणी इरावती. ती वारून कैक वर्षं झाली होती. पण मेलेल्या सवतीशी भांडता येत नाही, हेच तर कुंतलेचं दुखणं होतं.

सासूचं लाल लुगडं एका नागिणीच्या वारुळात होतं. नागिणीने मोबदल्यात पैंजणांचा नाद मागितला, राणीने तो दिला. हिरवा शालू तिच्या लग्नातला. त्याला कात्री लावताना काळीज चरचरलं, पण लावली. निळ्यासाठी कुठेच जावं लागलं नाही. ते राजाच्याच पेटीत, वाळ्याच्या मुळ्यांत घडी करून ठेवलेलं होतं. कुंतलेला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तेच उचलताना तिचे हात जड झाले.

तिने अंगणात तुकडे मांडले. गोधडी कडेकडून आत शिवत नेतात. टाके फिरत फिरत मधल्या चौकोनाशी येऊन मिटतात, आणि हा चौकोन राजाच्या छातीवर यायचा होता. तिथे तिने आपला हिरवा ठेवला, भोवती लाल मांडला, आणि निळ्याची एक चिंधी पायथ्याच्या कोपऱ्यात लावून टाकली. गोधडी दिसायला देखणी झाली, पण शेवटच्या टाक्याला दोरा तुटला. तिने सगळं उसवलं. मग मधोमध लाल घेतला, आईपुढे कोण बोलणार? दोरा पुन्हा तुटला.

"राणी, पांघरायची कुणी?" साळुंकीने विचारलं.

कुंतलेला आधी राग आला, मग रडू आलं. आपल्याला राजा बरा व्हायला हवा होता, पण फक्त आपल्यापुरता, हे तिला कळून चुकलं. तिने डोळे पुसले आणि निळा मधोमध ठेवला, त्याला लागून आपला हिरवा, भोवती लाल. निळा आणि हिरवा शेजारी इतके खुलतील असं तिला वाटलं नव्हतं.

गोधडी राजाच्या अंगावर पसरून तिने शेवटचा टाका घातला. मणी तडकन फुटला. बाहेर लोकांनी अंगावरची कांबळी उतरवली.

राजाचा हात गोधडीवरून फिरत निळ्यावर थांबला. "इरावती," तो म्हणाला, आणि पोटभर रडला. कुंतला जायला उठली. इतकी वाट पाहून ऐकलेला पहिला शब्द तिच्यासाठी नव्हता, आणि तो आपणच शिवून दिला होता, हे तिला सोसवत नव्हतं.

"कुंतले," राजाने हाक मारली. "तुझे हात किती गार पडलेत." आणि गोधडीची कड उचलून त्याने तिला आत जागा केली.