वाकलेलं हेड आणि नवं गॅस्केट

१२ मे १९८७. कडक ऊन, वारा नाही.

यंत्रांचे भाग तेव्हा आपसांत बोलत. हणमंत मिस्त्रींनी तापणाऱ्या जुन्या मोटारीचं इंजिन खोललं आणि वरचं हेड सरळ आहे का ते तपासायला पट्टी शोधू लागले. आग आणि पाणी वेगळं ठेवणारं नवं गॅस्केट बाकावर होतं.

"हेडकाका, तुम्ही वाकलाय. मिस्त्रींना दिसू द्या, घासून सरळ करतील."

"घासलं की मी झिजेन, बाळा. तुझ्या आधीचं गॅस्केट निमूट सोसायचं."

"ते जळालं, काका. मला जळायचं नाही."

पट्टी टेकताच हेडनं अंग चोरलं. मिस्त्रींना पट्टीखाली फट दिसली नाही. त्यांनी गॅस्केट बसवून बोल्ट आवळले.

१६ मे, दुपारी घाटात गॅस्केट जळालं, इंजिनात पाणी शिरलं, हेड तडकलं. दोन्ही भंगारात गेली.